कोकणातलं खुराडं: आधी छप्पर, मग जाळी, भिंत शेवटी

परसात दहाएक कोंबड्या पाळायच्या ठरल्या की बरेच जण लाकडी पेटीसारखं खुराडं आणतात, नाहीतर इंटरनेटवरचं तिचं चित्र सुतारापुढे धरतात. तीन बाजूंनी फळ्या, पुढे हातभर जाळी, वर घट्ट झाकण. असलं घर थंडीने काकडणाऱ्या मुलखासाठी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात ते मे महिन्यात भट्टीसारखं तापतं आणि जुलैत आतून बुरशी धरतं. पायरीखालचं जुनं चिऱ्याचं खुराडं कोल्ह्या-मुंगसापासून राखायला चांगलं, पण संध्याकाळी फळी लावली की सकाळपर्यंत आतली हवा हलत नाही.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश असतं. बाहेर पारा तिशीच्या आसपास गेला की ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे पाणी उडवून अंग गार करते. हवेतच ओल भरलेली असेल तर ते पाणी नीट उडत नाही. म्हणून विदर्भाच्या कोरड्या उन्हात कामाला येणारी ओली गोणपाटं आणि फवारे किनाऱ्यावर उलटे पडतात, आतली ओल आणखी वाढवतात. इथे सावली हवी आणि वारा हवा. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. शिंपल्यांचा चुरा पोटभर देऊनही उन्हाळ्यात अंडी तडकत असतील, तर खुराड्यातली हवा तपासा.

जागा उंचवट्यावरची, पाणी न तुंबणारी घ्या. फणसाची किंवा आंब्याची सावली मिळाली तर उत्तम. माडाखाली मात्र खुराडं कधीच नको. एक नारळ पडला की चार कौलं गेली. लांब बाजू पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन अरुंद बाजूंवरच पडतं. उन्हाळ्यात दुपारचा खारा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, त्याला उत्तरेची लांब बाजू मोकळी मिळते. रात्रीचा मतलई वारा पूर्वेकडून येतो, म्हणून पूर्वेची अरुंद बाजूही जाळीचीच. पश्चिम बाजू तेवढी फळ्यांनी पूर्ण बंद करा, कारण मावळतीचं ऊन आणि पावसाळ्याचा मारा दोन्ही तिथूनच येतात.

दहा कोंबड्या दिवसा बाहेर फिरणार असतील तर ६ फूट बाय ४ फूट तळ पुरतो. तळ जमिनीपासून अडीच फूट उंच ठेवा. जमिनीवर भाताच्या तुसाची गादी अंथरण्याची पद्धत घाटावर चालते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये तूस वाळत नाही, त्याची ढेकळं होतात, अमोनिया सुटतो. शिवाय ऊब आणि ओल एकत्र आली की विष्ठेतल्या कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीला दोन-तीन दिवसांत रोग लावण्याइतकी तयारी करता येते. पट्ट्यांचा तळ केला की विष्ठा खाली पडते आणि पाय कोरडे राहतात.

पट्ट्या पोफळीच्या किंवा बांबूच्या घ्या. रुंदी सव्वा इंच, मधली फट पाऊण इंच. म्हणजे ४ फूट रुंदीत ६ फुटी २४ पट्ट्या बसतात. खालून दर दोन फुटांवर आडवा वासा द्या, नाहीतर पट्ट्या झोल धरतात. फट अर्ध्या इंचावर आणलीत तर विष्ठा अडकून साचते. एक इंचाच्या वर गेलीत तर लहान पक्ष्याचा पाय अडकतो. बांबूला भुंगा लागू नये म्हणून आधी पंधरा दिवस वाहत्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, मग काजूच्या टरफलांचं तेल लावा. हे तेल कातडीला भाजतं, तेव्हा हातमोजे घाला आणि पूर्ण सुकल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका.

खांबांना दोन इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप. २० फुटी दोन पाइप आणले की ९ फुटांचे चार खांब निघतात. २ फूट काँक्रीटमध्ये गाडा आणि काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच चढवून त्याला उतार द्या. खाऱ्या हवेत पाइप नेमका मातीच्या रेषेवर गंजतो. प्रत्येक खांबाला दीड फुटावर पत्र्याचा उलटा शंकू बसवा, उंदीर त्याच्यावर चढत नाहीत. मुंग्यांसाठी शंकूच्या वर तेलात बुडवलेली चिंधी गुंडाळा.

हात सैल सोडायचा तो छपरावर. मंगलोरी कौलं, दोन्ही बाजूंना फुटामागे सात इंच उतार, आढं जमिनीपासून ८ फुटांवर. उत्तर-दक्षिणेला पागोळी भिंतीच्या पुढे ३ फूट, पूर्व-पश्चिमेला २ फूट. या मापाने छपराची कड साधारण ५ फूट १ इंचावर येते. पाऊस ४५ अंशांत तिरका आला तरी भिंतीच्या रेषेत तो २ फूट १ इंचावर उतरतो, म्हणजे तळाच्याही खाली. पागोळी दोन फुटांवर आणलीत तर हाच पाऊस तळाच्या वर चौदा इंचांपर्यंत आत येतो. वरच्या एका फुटासाठी एवढा फरक पडतो. बाहेर आलेल्या वाशांना खांबापासून तिरके टेकू द्या. छपराला १६५ च्या आसपास कौलं लागतात, फुटीसाठी १८० आणा, शिवाय आढ्यावरचे कोने. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला आलं तेव्हा रायगड-दापोलीत छपरं कशी उडाली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. कडेच्या दोन ओळी तारेने रिपांना बांधाच.

पत्राच घालणार असाल तर वर झावळ्यांचे झाप टाका आणि पत्र्याला एप्रिलआधी चुना द्या. नुसत्या पत्र्याखाली दुपारी कोंबड्या ठेवू नका.

जाळी अर्ध्या इंची वेल्डेड घ्या. षटकोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा आणि मुंगूस तिला सहज फाडतात, आणि उदमांजर मोठ्या भोकातून पंजा घालून पक्षी ओढतं. कौलांच्या खालूनही हीच जाळी ताणा, कारण उदमांजर कौल सरकवूनच आत येतं. दाराला नुसती कडी पुरत नाही, खिटी अडकवता येईल असा कोयंडा लावा. डासांची बारीक जाळी मात्र नको, वारा अडतो. डासांमुळे कोंबड्यांमध्ये देवीचा रोग पसरतो हे खरं, पण त्यावर उपाय म्हणजे आसपास पाणी साचू न देणं.

दक्षिणेला ताडपत्रीचा पडदा लागतो. इथे हमखास चूक होते: पडदा वर बांधून खाली सोडतात. झड आली की तो पूर्ण खाली येतो आणि वरची गरम, ओली हवा अडकते. पडद्याची खालची कड पक्की करा आणि दोरीने तो खालून वर चढवा, म्हणजे वरचा एक फूट नेहमी उघडा राहील. पागोळी मोठी असल्याने तिथून पाऊस येत नाही. पूर्वेच्या जाळीला एक सुटा झाप तयार ठेवा. मे आणि ऑक्टोबरचे गडगडाटी पाऊस सह्याद्रीकडून येतात.

आतल्या दोन दांड्या ६ फुटी, दोन इंच जाडीच्या, लाकडाच्या. दोन्ही एकाच उंचीवर, तळापासून दीड फूट, मध्ये १५ इंच अंतर. एक वर, एक खाली ठेवलीत तर रोज वरच्या दांडीसाठी भांडणं होतात. गरमीत कोंबड्या पंख सोडून बसतात, म्हणून प्रत्येकीला ९ इंच तरी जागा धरा. दांड्या काढता येतील अशा बसवा. गोचिडं दिवसा त्यांच्या टोकांच्या सांध्यांत लपतात, तिथे महिन्याला चुन्याचा हात फिरवता आला पाहिजे. अंड्यांसाठी फूटभर मापाचे तीन कप्पे उत्तरेला बाहेरच्या बाजूने, पागोळीखाली, तळापासून एक फुटावर. ते दांडीपेक्षा उंच झाले की कोंबड्या तिथेच झोपतात आणि अंडी घाण होतात. पाठीच्या फळीला बोटभर भोकं पाडा. पेंढा पावसाळ्यात दर आठवड्याला बदला.

तळाखाली कोंबड्यांना जाऊ देऊ नका, चारही बाजूंनी जाळी लावून एका बाजूला झडप ठेवा. दहा कोंबड्यांची विष्ठा दिवसाला किलोच्या वर जाते. खाली सुक्या पानांचा थर, त्यावर दर तीन-चार दिवसांनी राख, आणि पंधरवड्याने सगळं ओढून शेणखतात मिसळायचं. ताजी विष्ठा थेट माडाच्या आळ्यात टाकू नका.

उन्हाळ्यात दहा कोंबड्यांना दिवसाला पाच लिटर पाणी धरा, मातीच्या भांड्यात, सावलीत, दोनदा बदलून. दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर. भर दुपारी पचनाची उष्णता त्यांना झेपत नाही. कौलं शाकारायची वेळ येईल, तेव्हा म्हणजे मृगाच्या आधीच, पडद्याची दोरी आणि टेकूंचे खिळेही बघून घ्या.