बर्फातले किडे खरंच जिते झाले का?

"बाई, त्या सायबेरियातल्या बर्फातले किडे परत जिते झाले म्हणतत, खरा काय ता?" मालवणच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येतो. वर्षानुवर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलं की असले प्रश्न आपल्या नावावर लागतात. पाठोपाठ दुसरा ठरलेलाच: "मगे थयसून एखादो रोग इलो तर?" परवा परत कुणीतरी विचारलं, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते.

तर हो, खरं आहे. सायबेरियाच्या ईशान्येला कोलिमा नावाची नदी आहे. तिच्या काठी, जमिनीखाली सुमारे ४० मीटरवर खारीच्या जातीच्या एका प्राण्याचं जुनं बीळ गोठलेलं सापडलं. त्यातल्या मातीत मिलिमीटरभर लांबीचे सूत्रकृमी होते. रशियन शास्त्रज्ञांनी ती माती प्रयोगशाळेत हळूहळू वितळवली, खाद्य घातलं, आणि ते हलायला लागले. ही बातमी २०१८ सालची. बिळातल्या वनस्पतींच्या अवशेषांचं वय काढलं तर ते ४६,००० वर्षांच्या आसपास निघालं. २०२३ मध्ये त्या कृमीचं बारसंही झालं, पॅनाग्रोलायमस कोलिमाएन्सिस. वरच्या थरातला ताजा किडा खाली मिसळला असेल, अशी शंका घेणारे शास्त्रज्ञ आहेत, आणि ती घ्यायलाच हवी. पण असा दाखला हा एकटाच नाही. २०२१ मध्ये अलाझेया नदीकडच्या गोठलेल्या मातीतून २४,००० वर्षांपूर्वीचा रोटिफर नावाचा सूक्ष्म प्राणी असाच उठून बसला.

आता आपल्या लोकांचा खास प्रश्न. इसवणीची तुकडी फ्रीजरमध्ये ठेवली तर महिन्याभरात तिची चव जाते, मग हे किडे हजारो वर्षं टिकतात कसे? उत्तर त्या तुकडीतच आहे. घरच्या फ्रीजरमध्ये मासा सावकाश गोठतो, त्यामुळे पेशींत आणि पेशींच्या मधे पाण्याचे मोठाले स्फटिक तयार होतात आणि पेशींची आवरणं फाडतात. बाहेर काढून ठेवलीत की ताटलीत गुलाबीसर पाणी सुटतं ना, ते त्या फाटलेल्या पेशींतलं. तुकडी शिजवली तर भुसभुशीत लागते तीही त्यामुळेच. म्हणजे थंडीपेक्षा पाणी घातक. ज्याला टिकायचं त्याने आधी पाण्याची व्यवस्था लावली पाहिजे.

हे किडे नेमकं तेच करतात. सुकायला लागले की अंगात ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतात. पाणी निघून जातं आणि ही साखर पेशींच्या आवरणांना आणि प्रथिनांना जागच्या जागी धरून ठेवते. प्रयोगशाळांत नेहमी वापरला जाणारा एक साधा सूत्रकृमी आहे. त्याच्या अळ्या आधी थोड्या सुकवून घेतल्या तर उणे ८० अंशांतही ४८० दिवस तग धरून राहिल्या. पाण्याची अशी काही व्यवस्था न लावलेला प्राणी कितीही थंडीत ठेवा, तो नुसताच न कुजलेला मुडदा.

आणि ही विद्या बघायला सायबेरियात जायला नको. मे महिन्यात चिऱ्याच्या गडग्यावर काळपट, कुरकुरीत होऊन बसलेलं शेवाळ असतं. त्यातलं चिमूटभर खरवडून काचेच्या बशीत पाण्यात टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. आधी दिसतो नुसता कचरा आणि त्यात काही तांबूस गोळे. मग थोड्या वेळाने, कधी अर्ध्या तासाने, कधी त्याहून उशिरा, त्यातला एखादा गोळा लांब व्हायला लागतो. दुर्बिणीच्या नळ्यांसारखं अंग एकातून एक बाहेर येतं, शेपटीकडचा पाय काचेला चिकटतो, डोकं उघडतं, आणि त्यावर दोन चाकं गरगर फिरायला लागतात. चाकं कसली, केसांची लव आहे ती, एका लयीत हलणारी. आतला जबडा चावतानाही दिसतो. हाच रोटिफर. हॉलंडच्या लेवेनहूकने छपराच्या पन्हाळीतल्या सुक्या गाळातून असेच प्राणी १७०२ साली जागे केले होते. अलाझेयाचा रोटिफर अडिनेटा या वंशातला, आणि शेवाळात राहणारे त्याचे भाऊबंद जगभर आहेत. भाऊ म्हटलं खरं, पण या गटात नर कधी सापडलेलाच नाही. सगळ्या बहिणीच.

जिवाणूंची गोष्ट वेगळी आणि मला जास्त अचंब्याची वाटते. जमिनीत नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. थोडा थोडाच, पण लाखो वर्षं चालू. नुसतं झोपून राहिलात तर तो तुमच्या डीएनएचे तुकडे करणार. पण गोठलेल्या मातीतही कणांभोवती खारट पाण्याचा अतिशय पातळ थर न गोठता राहतो, आणि त्यात काही जिवाणू अगदी मंद गतीने जगत असतात. पाच लाख वर्षं जुन्या मातीतल्या जिवाणूंमध्ये डीएनए दुरुस्त होत असल्याचे पुरावे २००७ मध्ये छापून आले. म्हणजे ही मंडळी झोपलेलीच नाहीत.

आता रोगांचं. फ्रान्सच्या क्लावेरी आणि अबर्जेल या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ३०,००० वर्षं जुना पिथोव्हायरस जागा केला, आणि पुढे ४८,५०० वर्षं जुना एक विषाणूही. मथळे मोठे आले. पण त्यांनी गळाला आमिष लावलं होतं अमिबाचं, तेही मुद्दाम, म्हणजे माणसाला लागणारं काही हाताशी यायला नको. माणसाचा फ्लू तिथे टिकतो का? अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन गावी १९१८ च्या साथीत ८० प्रौढ माणसांपैकी ७२ गेली आणि गोठलेल्या जमिनीत पुरली गेली. १९५१ मध्ये योहान हल्टिन यांनी त्या फुप्फुसांतून जिवंत विषाणू मिळवायचा प्रयत्न केला. नाही मिळाला. १९९७ मध्ये ते परत गेले तेव्हा हाती आले ते जनुकांचे तुकडे.

अँथ्रॅक्स म्हणजे काळपुळी मात्र टिकते, कारण तिचे बीजाणू चिवट. २०१६ च्या उन्हाळ्यात सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर तापमान ३५ अंशांपर्यंत गेलं, गोठलेली माती वितळली, काळपुळीची साथ आली, दोन हजारांवर रेनडिअर मेले आणि १२ वर्षांचा एक मुलगा गेला. पण तिथे रेनडिअरना लस देणंही २००७ पासून बंद होतं, हे बातम्यांत शेवटच्या ओळीत असतं. मला विचाराल तर सिंधुदुर्गातल्या माणसाने लावणीच्या चिखलात उतरताना लेप्टोची काळजी करावी, दोडामार्गकडे माकडतापाची. सायबेरियाचा क्रमांक फार नंतर लागतो.

माझी स्वतःची काळजी निराळी आहे. उत्तर ध्रुवाकडच्या त्या सगळ्या गोठलेल्या मातीत झाडपाला, मुळं, मेलेले प्राणी असा न कुजलेला ऐवज पडून आहे. त्यातला कार्बन दीड लाख कोटी टनांच्या घरात, आज हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. माती वितळली की कुणी राक्षस उठायची गरज नाही. साधे, निरुपद्रवी जिवाणू जेवायला बसतात आणि कार्बन डायॉक्साइड सोडतात. पाणथळ असेल तिथे मिथेन. दोन्हींनी हवा तापते आणि तापलेला समुद्र फुगतो. समुद्रकाठच्या देवबागला घर असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सगळं एकदम बाहेर येईल असं नाही, ते दशकानुदशकं झिरपत राहील. म्हणून त्याचा मथळा होत नाही.

शाळकरी मुलं विचारतात, त्या उठलेल्या किड्यांचं पुढे काय झालं? मेले. या जातीचं आयुष्य आठवड्यांत मोजायचं, ४६,००० वर्षं थांबून आले म्हणून त्यांना जास्तीचं काही मिळालं नाही. पण त्यांच्यातही नर लागत नाही, त्यामुळे मरण्यापूर्वी त्यांनी अंडी घातली, आणि शंभराहून जास्त पिढ्या प्रयोगशाळेच्या बशांमध्ये जिवाणू खात वाढल्या.