काळी चारची मी, काळी एकचा बँड

बँडच्या पहिल्या तालमीला गिटारवाल्याने विचारलं, "तू कुठल्या पट्टीत गातेस?" सवयीने तोंडातून निघून गेलं, "काळी चार." नेदरलँड्समध्ये, आइंडहोवेनमधल्या त्या तळघरात याचा अर्थ कळणारं कुणी नव्हतं. मग फोनवरची पेटी उघडून सूर वाजवून दाखवला. त्याने मान डोलावली आणि गिटारची सगळ्यात जाड तार छेडली. ती सी शार्पला लावलेली होती. म्हणजे आपली काळी एक, पेटीवरची पहिली काळी पट्टी; माझी चौथी. माझी पुढच्या पाच महिन्यांची सगळी कटकट त्या एका तारेत होती.

नोकरीसाठी इथे आले तेव्हा गाणं सुटून बरीच वर्षं झाली होती. मग या गावचाच एक जुना बँड कानावर पडला, द डेव्हिल्स ब्लड. सेलिम लेमूशी गाणी रचायचा, त्याची बहीण फरिदा गायची. २००९ सालचा त्यांचा पहिला अल्बम मी बसमध्ये ऐकला तेव्हा बँड मोडून वर्षं लोटली होती. तो २०१३ मध्ये संपला, पुढच्याच वर्षी सेलिम गेला. अंगावर रक्त ओतून स्टेजवर उभी राहणारी बाई अशी फरिदाची ओळख करून देतात. मला ऐकू आलं ते निराळंच. ही बाई किंचाळत नाही, गुरगुरत नाही, लावलेला सूर सरळ धरून ठेवते. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. तिच्या नादाने डूम, म्हणजे संथ आणि जड मेटल, वाजवणाऱ्या चार हौशी लोकांना गायिका हवी होती, गेले.

तार इतकी उतरवायची कशाला, हे मी आधी विचारलं. त्याचं उत्तर बर्मिंगहॅममध्ये आहे. तिथल्या ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी डावखुरा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे नेमकी तारा दाबायची बोटं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या अल्बममध्ये गिटार दीड स्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांना आराम पडला, आवाज मात्र जड झाला. डूमवाले तिथेच मुक्कामाला आहेत.

त्यांचा सा म्हणजे माझा मध्यम. वर धरला तर गाणं नाट्यपदासारखं टिपेला जायचं, खाली धरला तर खर्जात शब्द विरघळून जायचे. दोन महिने मी कधी इकडे, कधी तिकडे. एका रात्री भांडी घासताना लक्षात आलं की मध्यमाला सा मानून गायचं, पण चाल खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंतच ठेवायची. हिशेब केला तर ते माझंच सप्तक निघालं, काळी चार ते काळी चार. हात तसेच ओले ठेवून फोनवर रेकॉर्ड केलं. नंतर सगळ्या गाण्यांच्या चाली याच मापात बसवल्या.

संथपणाची मला भीती नव्हती. विलंबित एकतालात वाढलेल्या मुलीला कसली? फजिती तिथेच झाली. ख्यालात दोन मात्रांमधली जागा आपली असते, ती आपण आलापाने भरतो. इथे ती जागा कुणाचीच नसते. ड्रमवाला मिनिटाला ५६ ठोके देणार आणि मधल्या पोकळीत गिटारचा नाद नुसता विझत जाणार. मला राहवायचं नाही. मुरकी पडायची, हरकत निसटायची. रेकॉर्डिंग ऐकलं तर हळदीकुंकवातल्या भावगीतामागे कुणीतरी बुलडोझर चालवत होतं. शेवटी मींड तेवढी राहिली, कारण गिटारवालाही तार ओढून तेच करतो.

माइकचंही तसंच. क्लासमध्ये तो वीतभर लांब ठेवायला शिकवलं होतं. इथे ओठ टेकवायचे, नाहीतर माझ्याआधी झांजाच त्यात शिरतात. गिटारचा आवाज वाढवणारे व्हॉल्व्हचे अँप पुरते तापले की स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. कानात बोळे घातल्यावर आश्चर्य म्हणजे तो डोक्याच्या आतून ऐकू यायला लागला.

आता सैतानाविषयी. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं असं चालतं: सा, वरचा सा, मग तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला सैतानाचं म्हणतात. आपल्याकडे यमनात तोच तीव्र मध्यम दिवेलागणीला ऐकतो आणि कुणाला काही होत नाही, कारण शेजारी पंचम असतो. पंचम काढून टाका. आमच्या बाईंनी पंचम नसलेला मारवा शिकवायला घेतला तेव्हा मला घरी एकटीने रियाझ करवत नसे.

बाकी सगळा थाट. बेसवाला या बाबतीत जाणकार. त्यानेच सांगितलं की १९६९ मध्ये शिकागोच्या कोव्हन या बँडमध्ये गायिका जिंक्स डॉसन हे सारं करून बसली होती. त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्या गाण्याचं नाव 'ब्लॅक सॅबथ' आणि त्यांच्या बेसवाल्याचं नाव ऑझ ऑस्बर्न, जवळजवळ सॅबथच्या गायकाचंच, ऑझी ऑस्बॉर्नचं! वातावरणनिर्मिती म्हणून मी एकदा तालमीत धूप जाळला. धुराचा भोंगा वाजला, सगळी इमारत रस्त्यावर आली आणि थंडीत उभं राहून मी प्रत्येकाची माफी मागितली.

आईला व्हिडिओ कॉलवर कपडे दाखवले.

"काळं? संक्रांत होऊन गेली की गं."

"आई, तुझीच चंद्रकळा आहे."

"मग नीट नेस. आणि ते रक्तबिक्त काही नको हं अंगावर."

रक्त नव्हतंच. कार्यक्रमाला चाळीसेक माणसं होती. दुसऱ्या गाण्यात गिटारची वायर निऱ्यांत अडकली आणि मला जागचं हलता येईना. लोकांना तो गंभीरपणा वाटला असावा. शेवटच्या गाण्यात चार आवर्तनं गप्प राहायचं होतं. मी माइक दोन्ही हातांनी धरला आणि नाद विझेपर्यंत तोंड उघडलं नाही.

रेकॉर्डिंग आईला पाठवलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. शब्द एक कळला नाही म्हणाली, आणि शेवटचा सा किंचित उतरलाय.

उतरला होताच.