बंद पडला तर?

नागपूरहून फोन आला किंवा इथे कॅलिफोर्नियात कुणाकडे जेवायला गेले, की हा प्रश्न ठरलेला: "विमान स्वतः चालवतेस आणि रस्ता बाजारातल्या टॅबलेटवर बघतेस? तो बंद पडला तर?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

बंद पडलेला आहे. जुलैतली दुपार होती. सॅक्रामेंटोहून बेकर्सफील्डकडे निघालेलो, साडेपाच हजार फुटांवर. शेजारी दादा, भारतातून महिनाभरासाठी आलेला. आयपॅड योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, बसवलेला, चार्जिंगला लावलेला आणि त्यावर उजवीकडून थेट ऊन. मर्सेड मागे पडलं, तसा पडदा आधी मंद झाला, मग काळा, आणि तापमानाची सूचना आली. हे यंत्र 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं ॲपलच सांगतं. उन्हात माझ्या छोट्या सेस्ना विमानाची केबिन त्याच्या वर सहज जाते. खाली हायवे 99 सरळ फ्रेझ्नोकडे चाललेला. क्लोव्हिसच्या व्हीओआरची, म्हणजे जमिनीवरच्या दिशादर्शक रेडिओ केंद्राची, सुई पॅनेलवर स्थिर, फ्रेझ्नो ॲप्रोचचे हवाई नियंत्रक रेडिओवर. मी आयपॅड काढून हवेच्या झोतापाशी सावलीत ठेवला, मांडीवर कागदी सेक्शनल, म्हणजे वैमानिकांचा नकाशा, उघडला. विमानाची दिशा बदलली नाही, उंची बदलली नाही. पण दादाने ती काळी काच पाहिली होती. तो काही बोलला नाही. दाराला धरलेला हात मात्र उतरेपर्यंत सोडला नाही. बेकर्सफील्डला मी त्याला हायवे, सुई, रेडिओ, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि परत रेल्वेने गेला. मी एकटी उडत आले. ते मला अजून लागतं.

नियम मोडून मी काही करत नाही. खासगी वैमानिकाने कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नकाशे वापरायला मुभा देणारं एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं, परिपत्रक 2007 पासून आहे, आयपॅड आला 2010 मध्ये. फक्त त्याने विमानातल्या आवश्यक उपकरणांची जागा घ्यायची नाही. ढगांतून उडायचं तर दिशा पॅनेलवरच्या मान्यताप्राप्त यंत्रांनीच धरायची.

लायसन्स नवीन होतं तेव्हा मी तुमच्याच बाजूची होते. नकाशा कागदाचाच, टॅबलेट म्हणजे खेळणं. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं: लॉस एंजेलिसच्या क्लास ब्राव्होच्या, म्हणजे परवानगीशिवाय शिरता न येणाऱ्या हवाई हद्दीच्या, कडेने जाताना, एका हातात योक आणि दुसऱ्यात नकाशाची घडी, तेव्हा बाहेर किती बघत होतीस? आपलं विमान नेमकं रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे आता एका दृष्टिक्षेपात कळतं. तिने उलट विचारलं, की पडद्यावरून तुझी नजर तरी किती वेळ उठते, तर मला छातीठोक उत्तर देता येणार नाही.

आणि खरी भीती मला पडदा चालू असतानाची आहे. एडीएस-बी या रेडिओ यंत्रणेवरून विमानात पावसाचं रडार-चित्र येतं, रंगीत, अगदी आत्ताचं वाटणारं. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने 2012 मध्येच बजावलं होतं की चित्रावर जे वय लिहिलेलं असतं त्याहून आतली माहिती 15 ते 20 मिनिटं जुनी असू शकते. तेवढ्यात वादळ कुठच्या कुठे जातं. त्या चित्रावर विसंबून दोन ढगांमधल्या फटीत शिरायचं नाही, लांबून वळसा घालायचा. हे मला कुणीच विचारत नाही.

दादाला फोनवर हे सगळं सांगून झालंय. तो म्हणतो, "तुला पटतंय ना, मग झालं." पुढच्या उन्हाळ्यात तो परत येतोय. विमानात बसशील का, हे मी अजून विचारलेलं नाही.