गॅलरीत बाबा 'आज'

"हे आज कुठे भेटले तुला?" आई माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावत म्हणाली.

फोटो बाबांचा. ठाण्याच्या तलावपाळीला, रंगायतन नाट्यगृहाच्या बाजूला कठड्याला टेकून उभे, हातात भेळेचा कागद, खिशात दोन पेनं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आणि गॅलरीत वर ठळक लिहिलेलं, 'आज'.

झालं असं की क्लाउडवरची फुकटची १५ जीबी भरली (मेल पण त्याच डब्यात), म्हणून सकाळपासून जुने फोटो परत फोनमध्ये उतरवत बसले होते. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतच असते, ते आपापल्या वर्षात जाऊन गपचूप बसले. पण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की ती माहिती बऱ्याचदा गळून जाते, मग फोन बिचारा डाउनलोडची तारीख धरतो. आणि बाबांचे फोटो म्हणजे सगळे कोणी ना कोणी पाठवलेलेच, मी स्वतः काढलेले किती तर अकरा. मोजले.

आईला हे सगळं समजावलं. तिने चष्मा सारखा केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, सरळ खिशापाशी.

"हिरवं पेन आहे. म्हणजे रिटायर व्हायच्या आधीचा. सहीला लागायचं ना."

मला ते हिरवं पेन कधी दिसलंच नव्हतं.

ॲपमध्ये तारीख बदलता येते. उघडलं पण होतं, मग म्हटलं राहू दे, आजच्या दिवस.

तुमच्या घरी कोण सांगतं हो, फोटो कधीचा ते?