तुम्ही विचारलंत म्हणून: बंद कारखान्यावर ड्रोन कशाला?

लग्नात विचारतात, बँकेत विचारतात. परवा दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं, "बंद साखर कारखान्यांवर ड्रोन उडवता ते तुम्हीच ना? मिळतं काय त्यातून?" काही मिळत नाही. बॅटऱ्यांचा खर्चही निघत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला, कुठल्या गटाचे? कुठल्याच नाही. आणि भुतं? भुतं नाहीत, घारी आहेत. चिमणीजवळ गेलं की अंगावर येतात, ड्रोनच्या.

परवानगीचं विचारलंत तर माझं उत्तर पाठ आहे. यंत्र २४९ ग्रॅमचं. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंत पायलटचं लायसन्स लागत नाही, आणि हिरव्या, म्हणजे मोकळ्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. हे मी घडाघडा म्हणून दाखवतो. म्हणतानाच कळतं की विचारणाऱ्याने आभाळाबद्दल विचारलेलं नाही, भिंतीच्या आतल्या जागेबद्दल विचारलंय.

तर, कशाला. वडील आमच्या भागातल्या कारखान्याचे सभासद होते. शेअरचा दाखला अजून कपाटात आहे, आईच्या शालूखाली. शाळेत असताना उसाच्या ट्रॅक्टरवर त्यांच्यासोबत वजनकाट्याच्या रांगेत मी रात्री काढल्यात. काट्यापुढे ऊस टाकायची गव्हाण, गव्हाणीपुढे नुसता आवाज आणि वाफ. त्याच्या पलीकडे आम्हाला जाता येत नव्हतं. वार्षिक सभेत आम्हाला 'मालक' म्हणायचे. रोजच्या १२५० टन गाळपाचा तो कारखाना, त्याच्या भोंग्यावर मी शाळेला निघायचो, आणि आतून तो मला कधीच दिसला नाही. चालू असताना नाही दिसला, आता बंद पडल्यावर तरी बघू द्या. एवढंच कारण. पूर्वी ते मला पुरेसं वाटायचं.

बंद का पडला, कर्ज कुणी काढलं, बँकेनं ताबा कसा घेतला, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी नानांबद्दल सांगतो.

नाना (नाव हे नव्हे) एका बंद कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होते. त्याआधी तिथेच पॅनमन. पॅन म्हणजे साखर शिजवायचं मोठं भांडं; त्यातला शिजता पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडात धरायचा आणि दाणा बसला की नाही ते नजरेनं सांगायचं, हे त्यांचं काम. तीन चकरा मारल्यावर चौथ्या वेळी त्यांनी फाटकातलं छोटं दार उघडलं. "शेडमध्ये जायचं नाही. वरनं काय बघायचं ते बघ."

मी बघितलं. लोखंड इतकं की होकायंत्र सारखं बिथरत होतं, म्हणून फार लांब नेलं नाही. पाणी थंड करायचा स्प्रे पॉण्ड कोरडा, त्यात बाभळी. पॅन स्टेशनवरचे पत्रे अर्धे नाहीत. त्या भगदाडातून खाली पॅन दिसला, डोकं गॅसकटरनं कापलेलं, आतल्या पितळी नळ्या गेलेल्या. मी स्क्रीन नानांना दाखवली. त्यांनी ती काचेच्या पट्टीसारखीच उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. "दोन नंबरचा," एवढंच म्हणाले.

शेवटच्या शॉटमध्ये चिमणीची सावली आवारभर पडलेली आणि तिच्या टोकाशी एक लाल एम-एटी. सुरेख जमून आलं होतं. व्हिडिओ मी त्यावरच संपवला.

दोन दिवसांत तो सभासदांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. कापलेल्या पॅनभोवती कुणीतरी लाल गोल काढला. नळ्या कुणी नेल्या याची चौकशी झाली की नाही, माहीत नाही. व्हिडिओ आत कुणी काढू दिला, याची मात्र झाली, आणि त्यासाठी फारसं शोधावं लागलं नाही. तालुक्यात ती एम-एटी सगळे ओळखतात. आठवड्यात नानांची जागा गेली. चार महिन्यांचा पगार आधीच थकलेला होता, तोही बुडाला.

चोरी मी केली नव्हती, हे मी त्या महिन्यात शंभर जणांना सांगितलं असेल. उलट उघडकीला आणली, असंही. नळ्या तशाही गेल्याच होत्या, नोकरी तशीही जाणारच होती. सगळं खरं आहे. पण शॉटमधून गाडी कापायला मला पाच सेकंद लागले असते. मला ती दिसली नव्हती असंही नाही. एडिट करताना मी तिचा लाल रंग थोडा वाढवला होता.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांनी चहा दिला. म्हणाले, "पत्रे गेलेलं मला पावसाळ्यापासनं म्हाईत हुतं. वर कळवलं असतं तर माझ्यावरच आलं असतं. आता तसंबी आलंच." मग म्हणाले, नातवाला पॅन दाखवायचाय, न कापलेला कुठल्या व्हिडिओत असेल तर दे. माझ्याकडे नव्हता. माझ्याकडचे सगळे कापल्यानंतरचेच.

"मग तरीही का उडवतोस?" हे बायकोनं विचारलं, तुम्ही नाही. तेव्हा मी म्हणालो, कुणीतरी नोंद ठेवायला हवी. तो मोठा शब्द तिच्यासमोर टिकला नाही. त्यानंतर वर्षभर ड्रोन बाहेर काढला नाही. मग काढला. आता उडवण्याआधी फाटकातली माणसं आणि गाड्या चौकटीबाहेर राहतील असं बघतो, आणि मग बघताना वाटतं की आवार ओसाड दिसतंय, खरं तर तिथे दिवसरात्र कुणीतरी बसलेलं असतं. हेही खोटंच.

जुन्या व्हिडिओतून तो शॉट मी काढून टाकला. गेल्या आठवड्यात तोच व्हिडिओ एका मावसभावानं मला पाठवला, खूपदा फॉरवर्ड झाल्याचा शिक्का लागलेला, खाली "बघ, तुमच्या भागातला का?" जुनीच प्रत होती. एम-एटी येईपर्यंत पाहिला.