फ्रीजच्या दारातली बाटली

रात्री दीडला पाणी प्यायला उठले, फ्रीज उघडला आणि दचकलेच. दारात बाबांचं इन्शुलिन. शेजारी त्यांचेच डोळ्यांचे थेंब.

हा सगळा अगाथा ख्रिस्तीचा प्रताप. तिच्या १९४९ सालच्या 'क्रुकेड हाउस'मध्ये गडगंज आजोबांच्या इन्शुलिनच्या बाटलीत कुणीतरी डोळ्यांचं औषध भरतं. संशय अख्ख्या घरावर. पुस्तक खाली ठेववत नाहीये!

सकाळी आईला सांगायला लागले. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "घरातलंच कोणीतरी असणार. बाहेरच्याला काय माहीत बाटली कुठे असते?"

"तू वाचलंयस?"

"वाचायला कशाला हवं? बावीस वर्षं एकत्र कुटुंबात काढलीत." आणि फोडणीकडे वळली.

पन्नासेक पानं उरलीत. पण जीव अडकलाय तो त्या बावीस वर्षांत. विचारू का तिला?