फ्रेजचं नाव नंतर, आधी तिचं काम

नववीच्या मुलांना इंग्रजी व्याकरणातल्या फ्रेजची व्याख्या तोंडपाठ असते. अर्थ असलेला शब्दसमूह, पण त्यात कर्ता आणि क्रियापदाची जोडी नाही. इथवर ठीक. मग मी विचारते, ‘विथ अ स्टिक’ ही कुठली फ्रेज? लगेच वर्गात दोन तट पडतात. एक गट म्हणतो प्रिपोझिशनल (शब्दयोगी अव्ययाची), दुसरा म्हणतो ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण) फ्रेज, आणि दोघंही पुरावा म्हणून गाईड उघडून दाखवतात.

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण प्रश्नच दोन आहेत. फ्रेज कशाची बनली आहे, हा एक. वाक्यात ती काय काम करते, हा दुसरा. ‘विथ’ हे प्रिपोझिशन पुढे आहे, म्हणून बांधणीने ती प्रिपोझिशनल. काम मात्र वाक्य पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही. गाईडमध्ये ही दोन्ही तऱ्हेची नावं एकाच यादीत एकाखाली एक छापलेली असतात, आणि मुलांना वाटतं की त्यातलं एकच निवडायचं. ही यादी मला फार खटकते.

मी रत्नागिरीकडे मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. बागेत शिरणारी माकडं इथल्या प्रत्येक पोराने हाकललेली आहेत, म्हणून फळ्यावर हे वाक्य लिहिते: ‘द फार्मर चेझ्ड द मंकी विथ अ स्टिक.’ काठी कोणाच्या हातात? शेतकऱ्याच्या हातात असेल, तर ‘विथ अ स्टिक’ हे हाकलण्याबद्दल सांगतं, म्हणजे काम ॲडव्हर्बचं. माकडाच्या हातात असेल, तर ते माकडाचं वर्णन झालं, म्हणजे काम ॲडजेक्टिव्हचं. शब्द तेच, जागा तीच. मराठीत मात्र ‘शेतकऱ्याने काठी घेऊन माकडाला हाकललं’ आणि ‘काठी घेतलेल्या माकडाला हाकललं’ अशी दोन वेगळी वाक्यं करावीच लागतात. मुलांना ती करायला लावली की ॲडव्हर्ब आणि ॲडजेक्टिव्ह वेगळं समजावायची गरज उरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी नाउन फ्रेजला देते. आपण ‘आंब्यांची पेटी जड आहे’ म्हणतो. मुख्य नाम शेवटी, क्रियापदाच्या बाजूला. इंग्रजीत तीच पेटी पुढे जाते आणि आंबे मागे येतात: ‘द बॉक्स ऑफ मँगोज’. आता क्रियापदाला चिकटून ‘मँगोज’ आहे, म्हणून मुलं बिनदिक्कत ‘आर हेवी’ लिहितात. यावर उपाय सोपा आहे. अख्खी फ्रेज झाकायची आणि तिथे एकच सर्वनाम बसवायचं. ‘इट’ बसलं ना? मग ‘इज’. जेवढे शब्द मिळून ‘इट’च्या जागी गेले, तेवढी नाउन फ्रेज. तिची हद्दही त्यातच कळते. कोणी फक्त ‘बॉक्स’ झाकला तर ‘द इट ऑफ मँगोज’ असं काहीतरी उरतं, आणि ते चुकलंय हे सांगावं लागत नाही.

आयएनजीवाल्या फ्रेजनाही हीच चाचणी लावते. ‘स्विमिंग इन द रिव्हर इज डेंजरस’ यात पहिल्या चार शब्दांच्या जागी ‘इट’ बसतं, ती जेरंड फ्रेज. ‘द बॉय स्विमिंग इन द रिव्हर इज माय ब्रदर’ यात ते चार शब्द मुलाची ओळख सांगतात, ती पार्टिसिपल फ्रेज.

इन्फिनिटिव्ह, म्हणजे ‘टू’ लावलेलं क्रियापद, मी मुद्दाम शेवटी घेते, कारण तिथे तीन कामं एकदम दिसतात. ‘टू स्विम इज फन’, ‘आय नीड अ बुक टू रीड’, ‘शी केम टू हेल्प मी’. पहिल्यात नामाचं काम, दुसऱ्यात पुस्तकाचं वर्णन, तिसऱ्यात येण्याचं कारण. यांना नावं द्या असं मी म्हणत नाही. वहीत प्रत्येक फ्रेजखाली एवढंच लिहायचं: ‘काय?’, ‘कोणतं?’ की ‘कशासाठी?’ नाव त्याच्यापुढे मुलं स्वतःच लिहितात.